फुली मारल्यावर

"अगं, मी फुली मारली, तरी ते बोलतंय!"

रात्रीचे साडेदहा. आत्या साताऱ्यात एकटी राहते आणि नऊनंतर कोणाला फोन करत नाही, त्यामुळे तिचं नाव दिसताच माझ्या पोटात गोळा आला. 'ते' म्हणजे कोण हे कळायला दोन मिनिटं गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही फोनवरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून महिन्यापूर्वी मीच तिच्या कॉम्प्युटरवर गप्पांचं एक अ‍ॅप टाकून आले होते. दिवसभर ती त्यावर खूश असायची. त्या रात्री झोपण्याआधी तिने कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली, खिडकी गेली, दिवा मालवून ती अंथरुणाला पाठ टेकते तोच अंधारातून 'टुंग'. मग आणखी एक 'टुंग'. तिच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप रात्रीच जागा होतो.

फोनवरून मी वाट दाखवली. खाली घड्याळाशेजारी एक बारका बाण आहे, त्यावर टिचकी मार, छोटा कप्पा उघडेल, त्यात ते मुटकुळं करून बसलं असेल, त्यावर उजवं बटण दाब आणि 'क्विट' म्हण.

"मग फुली कशाला दिलीय?"

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला फुलीचा अर्थ मी काय सांगणार? चुकलं की फुली, नको असलं की फुली. 'तात्पुरतं आत जाऊन बस आणि कान इकडे ठेव' हा अर्थ तिच्या कोणत्याही वहीत नव्हता.

आत्या झोपली. मी मात्र जागी राहिले, कारण हा प्रश्न माझ्याकडे गेली वीस वर्षं आहे. माणसांना भेटायच्या या जागा अ‍ॅप म्हणून घरात आणून ठेवाव्यात, की ब्राउझरचा टॅब उघडून तिथे जावं, बोलावं आणि परत यावं?

खरं म्हणजे सुरुवातीला हा प्रश्न पडण्याइतकीही आमची ऐपत नव्हती. कॉम्प्युटर आपला असेल तर त्यावर काही टाकायचं. कॉलेजात असताना पुण्यात एका गल्लीतल्या कॅफेत आम्ही जायचो, तासाला वीस रुपये, प्लायवुडचे कप्पे, कीबोर्डच्या फटींत बिस्किटाचा चुरा. मेसेंजर तिथे आधीच टाकलेला असायचा आणि 'पासवर्ड लक्षात ठेवा'च्या चौकटीत कोणीतरी खूण करून गेलेलं असायचं. एकदा मी खिडकी उघडली तर एका अनोळखी मुलाची अख्खी मित्रयादी समोर, आणि त्याची मैत्रीण विचारतेय, कुठे गेला होतास? बंद कसं करायचं ते सुचेना. घाबरून मी मॉनिटरचंच बटण दाबलं आणि पैसे देऊन पळाले. ती बिचारी पुढे कोणाशी बोलत बसली असेल देव जाणे.

जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आलं ते ब्राउझरमध्ये. निमंत्रण मिळवावं लागायचं, पण टाकावं काही लागत नव्हतं. पत्ता लिहा, आत जा, स्क्रॅप टाका, बाहेर या. पहिल्या नोकरीतही तीच गत. कॉम्प्युटर ऑफिसचा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड सिस्टमवाल्याकडे, आणि तो माणूस चहालासुद्धा पासवर्ड खिशात घालून जायचा. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, तसं आम्हाला सॉफ्टवेअर टाकता येत नव्हतं. मग कोणीतरी मीबो दाखवलं. २००५ मध्ये निघालेलं ते एक साधं वेबपान, पण याहू, एमएसएन, एआयएम सगळी मेसेंजरं त्यात एकत्र उघडायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यावर जगलो. २०१२ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं आणि बंद केलं. तोवर माझ्या नावावर एक लॅपटॉप झाला होता आणि भिंतही.

खिळे ठोकायची हौस मी भागवून घेतली ती एका वर्तमानपत्राच्या वेब डेस्कवर. तिथे ट्विटर वाचायला ट्वीटडेक होतं. इयन डॉड्सवर्थ या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं २००८ मध्ये ते एकट्यानं बनवायला घेतलं होतं, अडोबी एअरवर चालणारं डेस्कटॉप अ‍ॅप. त्यात उभे रकाने लावता यायचे. वर्तमानपत्राच्या माणसाला रकान्यांचं काय कौतुक सांगायचं! एक राजकारणाचा, एक लोकलचा, एक क्रिकेटचा, आणि 'पाऊस' हा शब्द कुठेही आला की भरणारा एक. जुलैमध्ये तो शेवटचा रकाना आपोआप खाली धावायचा आणि रात्रपाळीला आम्ही खिडकीबाहेर न बघता सांगायचो की दादरला पाणी भरलंय. खुद्द ट्विटरचं साधं संकेतस्थळ त्यापुढे आम्हाला पोरखेळ वाटायचं.

पण सगळीच अ‍ॅपं अशी गुणी नव्हती. आम्ही वापरून पाहिलेल्यांपैकी एकानं, त्याचं नाव आता कशाला, माझी महिनाभर झोप उडवली. बातमी होती 'शेतकऱ्यांना मदत', पण लोकांपर्यंत जायचं 'शेतकर्यांना मदत'. मराठी वर्तमानपत्रात या शब्दावाचून एक दिवस जात नाही, त्यामुळे चूक रोज व्हायची, दिवसातून दहादा व्हायची. वाचक पत्र लिहायचे, एका निवृत्त प्राध्यापकांनी तर आमच्या शुद्धलेखनावर कात्रणांसकट दोन पानं पाठवली. कारण सापडायला वेळ लागला. आपला तो कोयरीसारखा वाकलेला र तेव्हा बऱ्याच ठिकाणी असा लिहिला जायचा: र, मग हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना चिन्ह दिसत नाही, पण त्याच्यावाचून र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आमच्या त्या अ‍ॅपला न दिसणारी गोष्ट म्हणजे कचरा वाटायचा, आणि पाठवताना तो झाडून टाकायचा. बनवणाऱ्यांपैकी कोणाच्याही गावात शेतकरी नसावेत, असलेच तर ते मराठी नसावेत. तोच मजकूर ब्राउझरमधून पाठवला की जसाच्या तसा पोचायचा. शेवटी आम्ही फळ्यावर लिहूनच ठेवलं होतं: शेतकरी, कामकरी, अधिकारी यांची बातमी ब्राउझरमधून.

पुढे मुद्रितशोधन हाच धंदा झाला, तरी ही आठवण मला व्याकरणासाठी येत नाही. कोणाचं सॉफ्टवेअर कोणासाठी काम करतं, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं म्हणून येते.

वेबच्या तांत्रिक कागदपत्रांत ब्राउझरला एक सुंदर नाव आहे, 'यूझर एजंट'. वापरणाऱ्याचा मुखत्यार. दर वेळी कुठलंही पान मागताना ब्राउझर त्या सर्व्हरला आधी आपली ओळख देतो, मी अमका मुखत्यार, माझ्या माणसाच्या वतीनं आलोय. सर्व्हरनं काय पाठवायचं ते पाठवावं, पण माझ्यासमोर ते कसं मांडायचं हे मुखत्यार माझ्या कलानं ठरवतो. अक्षर बारीक असलं तर कंट्रोल आणि अधिक दाबून मी ते बोराएवढं करते, अनुस्वार नीट दिसेपर्यंत. पानावर 'शेतकऱ्यां' कुठे आहे ते शोधते. वाक्य निवडून उचलते. कितीतरी अ‍ॅपांत समोरचं वाक्य नुसतं बघायचं असतं, हात लावायचा नसतो. जाहिराती अडवते. उजवीकडे 'सध्या काय गाजतंय' अशी जी पट्टी असते ती मी एक नियम लिहून पुसून टाकली आहे. चार वर्षं झाली, काय गाजतंय ते मला माहीत नाही आणि माझं काही अडलेलं नाही. हे सगळं मी कंपनीला न विचारता केलं. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये यातलं तेवढंच होतं, जेवढं तिनं सेटिंगमध्ये दिलंय.

म्हणजे अ‍ॅप हा त्यांचा माणूस आणि ब्राउझर माझा? इतकं सरळ असतं तर मी ट्वीटडेकसाठी हळहळले नसते. एक काळ असा होता की डेस्कटॉपवरसुद्धा माझा माणूस ठेवता यायचा. ट्विटरनं २००६ मध्ये आपले दरवाजे बाहेरच्या प्रोग्रॅमरांना उघडे केले होते, आणि पुढच्याच वर्षी आयकॉनफॅक्टरी या छोट्या कंपनीनं मॅकसाठी ट्विटरिफिक काढलं. पक्ष्याचं चिन्ह आणि 'ट्वीट' हा शब्द आधी या अ‍ॅपनं वापरला, ट्विटरनं नंतर उचलला. बोटानं पान खाली ओढलं की ताजं होतं, ती युक्ती लॉरेन ब्रिक्टरच्या ट्वीटी या अ‍ॅपमधली. आज ती जगातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे. बाहेरच्या माणसांनी आपापल्या घरून येऊन अंगण झाडलं, रांगोळी काढली, आणि मालकाला वाटलं अंगण मुळातच सुंदर आहे.

नंतरचं सगळं सावकाश झालं. २०१० मध्ये ट्विटरनं ट्वीटी विकत घेतलं, २०११ मध्ये ट्वीटडेक. त्याच वर्षी बाहेरच्यांना सांगण्यात आलं की मुख्य अ‍ॅपसारखी अ‍ॅपं आता बनवू नका. २०१२ मध्ये अशा नव्या अ‍ॅपांना एक लाख वापरकर्त्यांची वेस घातली. ट्वीटडेकचं विंडोज अ‍ॅप २०१६ मध्ये गेलं, मॅकचं १ जुलै २०२२ ला. जानेवारी २०२३ मध्ये तर एके दिवशी ट्विटरिफिक, ट्वीटबॉट अशी सगळी बाहेरची अ‍ॅपं अचानक मुकी झाली. कोणी काही बोलेना. नियम नंतर बदलला, आठवड्याभरानं. त्याच वर्षी ब्राउझरमध्ये उरलेलं ट्वीटडेक एक्स प्रो नावानं पैसे भरणाऱ्यांपुरतं झालं. मी तोवर डेस्क सोडला होता, पण रात्रपाळीचा तो पावसाचा रकाना आठवला.

या सगळ्या काळात डेस्कटॉप अ‍ॅप नावाच्या वस्तूचंही एक सोंग होऊन बसलं. गिटहबनं २०१३ मध्ये एक चौकट बनवली, पुढे तिचं नाव इलेक्ट्रॉन पडलं. तिच्यात क्रोमियम, म्हणजे क्रोमच्या आतलं इंजिन, अख्खंच्या अख्खं येतं. स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नलचं डेस्कटॉप अ‍ॅप, सगळी यावर उभी. तुम्ही म्हणता मी ब्राउझर सोडून अ‍ॅप घेतलं. प्रत्यक्षात तुम्ही आणखी एक ब्राउझर घरात घेता, ज्याचा पत्त्याचा रकाना कापलेला आहे आणि जो एकच पान उघडतो. अशी चार अ‍ॅपं म्हणजे एका वाड्यात चार बिऱ्हाडं आणि चार चुली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून मी एकदा बघत बसले होते, एक अ‍ॅप नुसतं गप्प बसून सातशे एमबी खात होतं. व्हॉट्सअ‍ॅपची गंमत तर निराळीच. २०२२ मध्ये त्यांनी विंडोजसाठी खास बांधलेलं हलकं अ‍ॅप आणलं, लोकांनी वाहवा केली, आणि २०२५ मध्ये त्या जागी परत वेबचंच पान गुंडाळून दिलं.

ब्राउझरमधूनच 'इन्स्टॉल' करता येणारी जी नवी पानं निघालीत त्यांना काय म्हणावं मला कळत नाही. धड अ‍ॅप नाही, धड टॅब नाही. नरसिंहच तो, उंबरठ्यावर बसलेला.

अ‍ॅपच्या बाजूनं मात्र एक मुद्दा असा आहे की त्यापुढे माझा मुखत्यार निमूट खाली बघतो. सिग्नलला ब्राउझरमधली आवृत्ती नाही. डेस्कटॉपवर हवं तर अ‍ॅपच घ्यावं लागतं. हा हट्ट वाटतो, पण त्यामागचा विचार चोख आहे. वेबचं पान दर वेळी सर्व्हरवरून नव्यानं येतं आणि निरोपाला कुलूप लावणारा कोडही त्याच पानातून येतो. म्हणजे रोज सकाळी कुलूप नवं, आणि ते आणून देणारा तोच माणूस, ज्याच्यापासून निरोप झाकायचा. एके दिवशी त्यानं किल्लीची एक नक्कल ठेवून घेतली तर तुम्हाला पत्ता लागणार नाही. अ‍ॅप निदान सहीशिक्क्यासह येतं, सगळ्यांना एकच येतं, आणि चिकित्सक लोक ते उघडून बघतात. मेटानं २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेबसाठी 'कोड व्हेरिफाय' नावाचं एक्स्टेन्शन काढलं ते याचसाठी, पानातला कोड कोणी बदललेला नाही ना हे पडताळायला, आणि पडताळणीचा ठसा बाहेरच्या क्लाउडफ्लेअरकडे ठेवला. रोजचं सुटं दूध घेणाऱ्यानं घरी लॅक्टोमीटर ठेवावा, तसं ते. माझ्या ओळखीत कोणीही तो ठेवलेला नाही.

शिवाय टॅबमध्ये शेजारपाजारचा त्रास असतो. एका टॅबमध्ये फेसबुक उघडं ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये तुम्ही गुडघेदुखीवर वाचायला गेलात, आणि त्या पानावर लाइकचं बटण असलं, की बातमी पोचते. मोझिलानं मार्च २०१८ मध्ये फायरफॉक्ससाठी 'फेसबुक कंटेनर' काढलं, त्या एका घराला वेगळा दरवाजा करून देणारं. अ‍ॅपची कुकीची बरणी मुळातच वेगळी असते. अर्थात नेहमीचं विंडोज अ‍ॅप तुमच्या फायलींच्या कपाटापर्यंत हात घालू शकतं आणि टॅबला ते तुम्ही दाखवल्याशिवाय दिसत नाही, हे लिहिलं नाही तर मुखत्यारावर अन्याय होईल.

आणि तो मुखत्यार तरी कोणाचं मीठ खातो? क्रोम गूगलचं, आणि गूगलचं पोट जाहिरातींवर. २०२४ पासून क्रोमनं एक्स्टेन्शनांची जुनी पद्धत बंद करत आणली आणि रेमंड हिल यांचं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यात गेलं. आजोबांच्या काळापासूनचा कारकून अचानक समोरच्या पार्टीच्या वकिलाशी हळू आवाजात बोलताना दिसावा तसं मला झालं. मी फायरफॉक्सवर गेले, तिथे ते अजून चालतं.

सध्या माझं असं चाललंय. मॅस्टोडॉन टॅबमध्ये. ऑयगेन रोच्कोनं २०१६ मध्ये सुरू केलेल्या या जाळ्यात बाहेरच्या अ‍ॅपांना दार मुद्दाम उघडं ठेवलंय, आणि त्याच्या वेबपानावर एक सेटिंग बदललं की उभे रकाने मिळतात. मी पावसाचा रकाना लावला. मराठीत तिथे फारसं कोणी नाही, रकाना जुलैतही रिकामाच असतो, पण तो आहे. फेसबुक टॅबमध्ये, आठवड्यातून दोनदा, आणि दर वेळी बाहेर पडताना लॉगआउट. पासवर्ड मुद्दाम लांब ठेवलाय. तो टाइप करायचा कंटाळा माझं बरंच काम करतो. सिग्नल अ‍ॅप. बाकी खिळे उपटून टाकले आणि भोकं बुजवली.

याच तोऱ्यात मी गणपतीत साताऱ्याला गेले आणि आत्याच्या कॉम्प्युटरवरचं ते अ‍ॅप काढून टाकलं. ब्राउझरमध्ये त्याच गप्पांचं पान उघडून दिलं, खूण करून ठेवली, अक्षरं दीडपट केली. फुली मारली की खरंच बंद होतं हे तिला तीनदा करून दाखवलं. मुलाचे व्हिडिओ कॉल तेवढे तिथे लागणार नव्हते. ते मोबाइलवर घे म्हटलं. आत्यानं शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली आणि चौकटीच्या वहीत पायऱ्या उतरवून घेतल्या.

पाचव्या दिवशी तिचा फोन.

"अगं, कोणी बोलतच नाही."

"बोलतायत आत्या. तू टॅब उघडलास का?"

"उघडला की. सगळे बोलून गेलेले असतात. बावीस-बावीस, पंचवीस-पंचवीस. मी आपली शिळी हजेरी घेत बसते."

मी सांगू लागले की हेच बरं, आपल्या वेळेला जायचं, आपल्या वेळेला यायचं. ती ऐकत होती. मागे तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, एवढी शांतता होती.

"तुझ्याकडे माणसं आहेत," आत्या म्हणाली. "इथे दुपारी चारनंतर एक आवाज होत नाही. ते टुंग वाजलं की मला बरं वाटायचं. मी बघायचेच असं नाही."

माझ्याकडे वीस वर्षांचा अभ्यास होता आणि त्यात याला उत्तर नव्हतं.

"मग त्या रात्री तक्रार कशाची होती?"

"रात्रीची होती. दिवसाची केली का मी?"

पुढच्या शनिवारी जाऊन अ‍ॅप परत टाकलं. रात्री साडेनऊनंतर आणि सकाळी सहापर्यंत आवाज बंद, असं विंडोजमध्येच लावून दिलं. अक्षरं अ‍ॅपमध्ये मनासारखी मोठी होईनात, म्हणून वाचायला टॅब आणि वाजायला अ‍ॅप, असं दोन्ही ठेवलं. तांत्रिकदृष्ट्या हा शुद्ध गाढवपणा आहे, आठशे एमबी त्यात जातात. तिनं वहीतल्या जुन्या पायऱ्यांवर लाल पेननं नीट तिरकी रेघ मारली, फुली नाही, आणि शेजारी नव्या लिहिल्या.

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर टुंग वाजलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, आत्या पेपर वाचत होती, वाचतच राहिली.

"आलं बघ कोणीतरी," ती म्हणाली.